कारणाचा रकाना

दत्तवाडीच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहिते.
नाव, वय, कुठला डोळा,
आणि शेवटी एक अरुंद रकाना : कारण.
इतका अरुंद की त्यात 'टॉवेल' कसंबसं मावतं.

बरेचदा टॉवेलच असतो.
पाच माणसं, एक खोली, एक खिळा,
खिळ्यावर तो, पहाटेपासून ओला.
सोमवारी धाकट्याचे डोळे आले,
गुरुवारपर्यंत घरभर.

आले, म्हणतो आपण. पाहुण्यांसारखे.
नवी होते तेव्हा एका आजींना विचारलं, कधी आले?
म्हणाल्या, परवा रात्री. नातवाबरोबर.
बार्शीच्या शेवटच्या एसटीनं.
मी हसले. डॉक्टर मुतालिक हसले नाहीत.
म्हणाले, लिहा. एवढं नेमकं कुणी सांगत नाही.

हॉस्टेलवरची मुलगी लेन्स नळाखाली धुते.
सोल्यूशन संपलं होतं, पैसे एक तारखेला येणार होते.
मी लिहिलं : नळ.
महिनाअखेर लिहायला हवं होतं.

एक काजळ तुळशीबागेतलं, चार करवल्या,
हळदीच्या दिवशी नवरीच लाल डोळ्यांची.

एक निवृत्त स्टोअरकीपर. गेल्या गणपतीतली थेंबांची बाटली
फ्रिजच्या दारात, चिंचेच्या कोळाशेजारी.
निम्मी शिल्लक होती हो, टाकायची कशी?

आणि रांजणवाडी.
मला अजून वाटतं ती इथलीच कुठली वस्ती आहे,
दत्तवाडी, वडारवाडी, बिबवेवाडी, मग रांजणवाडी,
पापणीच्या कडेला शेवटचा थांबा.
रिक्षावाले गायकवाड दर दोन महिन्यांनी तिथं उतरतात.
दिवसभर खोदलेल्या रस्त्याची धूळ,
मीटरची, नोटांची, हँडलची बोटं,
आणि सिग्नलला डोळा चोळायची सवय.
चोळू नका म्हटलं की चोळतच म्हणतात, नाही चोळत.

काळा चष्मा लावून येतात सगळे.
बाई, बघू नका माझ्याकडे, तुम्हालाही येतील.
बघून येत नाहीत, मी सांगते. दिवसातून वीसदा.
हात लागतो तेव्हा येतात.

मग एका शनिवारी धायरीचे कोंढरे.
थोरला बाकाच्या या टोकाला, धाकटा त्या टोकाला,
मधे चार माणसांची जागा
आणि एवढ्या गर्दीतही तिथं कुणी बसेना.
विहिरीजवळच्या सात गुंठ्यांचा दावा, बारावं वर्ष.
हे मला पाण्याच्या फिल्टरजवळ कुणीतरी सांगितलं.

डोळे मात्र सारखेच.
तीच सूज, तोच चिकट पिवळा काठ,
एका दिवसाच्या फरकानं.

थोरल्याला विचारलं, घरात कुणाला?
एकटाच असतो.
टॉवेल?
माझा माझा.
कुणाच्या संपर्कात?
त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं,
सगळ्यात खालची ओळ वाचत असल्यासारखं.

धाकटा बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, बुधवारी आई गेली.
वैकुंठात माझ्याकडं रुमाल नव्हता.

मी दोन्ही केसपेपरवर 'रुमाल' लिहिलं.
रकान्यात बसलं. अक्षर जरा बारीक काढावं लागलं.

थेंब दिले. दिवसातून सहा वेळा, आठ दिवस.
मग जे सगळ्यांना सांगते ते सुरू केलं :
हात धुवा, उशीचा अभ्रा रोज बदला,
डोळ्याला हात लावू नका,
आणि कुणाचाही रुमाल...

इथं जीभ अडली.
अकरा वर्षं पाठ असलेलं वाक्य.

रुमाल कुठाय आता, मी विचारलं.
धाकट्यानं खिशावर हात ठेवला.
धुऊन परत द्यायचाय, म्हणाला,
बाकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

उकळत्या पाण्यात धुवा, मी म्हटलं.
आणि कडक उन्हात वाळवून मगच द्या.