पाणसळ

एप्रिलचा दुसरा मंगळवार. नगरभवनाच्या तळघरात
घडीच्या खुर्च्या, बुटांखाली वितळणारा बर्फ,
आणि कॉफीचं ते मोठं भांडं,
जे प्रत्येक निवडणुकीला आणि प्रत्येक मयताला
इथूनच उचलून नेतात.

टेबलामागे पाच जण. मध्ये आर्डिस टॉफ्टे, अध्यक्ष;
कडेला व्हर्न स्काल्को, ज्याच्या स्वतःच्या गॅरेजचा विषय निघाला
की त्याला उठून जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं.
मी बाजूला, फायलींच्या खोक्याशी.
या खाणगावातल्या दोन हजार एकशे चार घरांचा
भाव ठरवणारा माणूस.
मला कोणी कॉफी विचारत नाही.

येतात ते सगळे एकच वाक्य घेऊन:
माझं घर एवढ्याचं नाही.
एकानं तळघरातल्या बुरशीचे फोटो आणले, रंगीत, मोठे करून.
एकीनं शेजाऱ्याचं बिल: त्याला न्हाणीघरं तीन, मला एक,
मग पट्टी सारखी कशी?
तळ्याकाठच्या बंगल्याचा मालक वकील पाठवतो,
आणि वकील गळती अशी सांगतो
जणू त्याच्याच टकलावर ठिबकते आहे.

मंडळ ऐकतं. कुठे दोन हजार उतरवतं, कुठे नुसती मान हलवतं.
उतरवायलाही हद्द आहे: साऱ्या गावाचं मिळून
शंभरात एक.
एकाच्या छपरावरून खरवडलेला बर्फ
दुसऱ्याच्या अंगणात पडतो.
याला समानीकरण म्हणतात.

घरपट्टी.
पट्टी मोजायची असते, पट्टी जखमेला बांधायची असते,
डोळ्यांवरही बांधता येते.
सव्वीस वर्षं माझ्या हातात नेमकी कोणती होती
हे मी कधी पाहिलं नव्हतं.

साडेसातला लेम्पी हार्युला आली.
वय एक्क्याऐंशी, अंगात नवऱ्याचं खाणीतलं जाकीट.
"माझ्या घराची किंमत कमी का केली?"

आर्डिसनं चष्मा कपाळावर चढवला. व्हर्न हसला, मग थांबला.
"बाई, कमी म्हणजे कर कमी."
"कळतं. मी शाळेत गणित शिकवलंय. तुलाही."
तिनं कार्ड वाचलं, अक्षर माझंच:
अवस्था, निकृष्ट.

"आम्ही आधी सौना बांधला. दोन हिवाळे त्यातच काढले,
मी, ओनी, आणि टोपलीत इल्मा.
मग घर. रात्रपाळीहून आल्यावर एकेक चौकट
ओनीनं बसवली.
बुधवारी खाणीत सुरुंग उडतात, तेव्हा कपबशा वाजतात.
भिंत वाजत नाही.
निकृष्ट कुठून दिसलं?"

गाडीतून, हे मी म्हणालो नाही.
उणे वीस होतं. काचसुद्धा खाली केली नव्हती.
दाराच्या पायऱ्या खचलेल्या दिसल्या,
तेवढ्या पुरल्या.

तिनं पिशवीतून पाणसळ काढली, लाकडी, कोपरे झिजलेली,
आणि मंडळाच्या टेबलावर ठेवली.
बुडबुडा तडक व्हर्नकडे निघून गेला.
कॉफीच्या भांड्याचा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.
मग व्हर्ननंच एक नोटीस चारदा दुमडली
आणि वाकून, कण्हत,
टेबलाच्या पायाखाली सरकवली.

ठराव, चार विरुद्ध एक: प्रत्यक्ष पाहणी करावी.

गुरुवारी गेलो. बूट दाराशी काढले.
खिडकीच्या चौकटीवर बुडबुडा मध्ये, निवांत.
ओट्यावर मध्ये.
सौनाच्या काळवंडलेल्या बाकावरही मध्ये.
मागच्या खोलीत, जिथे आता फक्त ओनीचा पलंग आहे,
तो जरासा सरकला.
तिनं पाहिलं. मीही पाहिलं.

'निकृष्ट' खोडून मी लिहिलं: सरासरी.
मंडळाची सही उरलीय, म्हटलं,
वर्षाला साठेक डॉलर जास्त पडतील.

"सरासरी," ती म्हणाली, शब्द दाताखाली धरून.
"ओनी चिडला असता."
मग बराच वेळ पलंगाकडे बघत राहिली,
आणि विचारलं,
कॉफी घेणार का.