नमुना क्रमांक सत्तेचाळीस

महापे एमआयडीसी, गाळा नंबर बारा.
कुरिअरवाल्याने दोन पिशव्या टाकल्या:
शिंदखेड्याकडची माती,
एकाच बांधाच्या अलीकडची, पलीकडची.
चिठ्ठीवर बॉलपेनने: जिरायत गहू.
सत्तेचाळीस: काड जाळतो, नांगरट तीनदा.
अठ्ठेचाळीस: काड तसंच पडू देतो, नांगर नाही, नऊ वर्षं.
खाली दुसऱ्याच अक्षरात:
धाकटा आहे, आळशी आहे.

मी चाळते, तोलते, आम्ल ओतते.
चंबू हाताला चटका देतो;
अर्धा तास त्याच्या वाटेला जायचं नसतं.
मग ब्युरेटमधून थेंब, थेंब,
जांभळं, अजून जांभळंच,
आणि एका थेंबासरशी
लख्ख हिरवं.

सत्तेचाळीस: शून्य पूर्णांक एकतीस.
अठ्ठेचाळीस: एकोणपन्नास.
नऊ वर्षांचा आळस
अठरा शतांशांत मावला.

देवकाबाई भोईर काचा विसळताना विचारते,
"कर्ब कुणाचा जास्त?"
"आळशाचा."
ती हसते, नळ सोडून.
तिचं शेत इथंच होतं कुठेतरी, फरशीखाली.
भात निघाला की त्याच ओलीवर वाल,
नांगर कशाला लागतोय.
"आमचा आकडा किती निघाला असता गं?"
मी रजिस्टरचं पान उलटते.

उरलेली माती महिनाभर जपायचा नियम.
महिना झाला.
अठ्ठेचाळीसची पिशवी तिने मागून घेतली,
कढीपत्त्याच्या डब्याला.
दारातून परत आली:
"ती दुसरीपण दे.
जळलीय, मेली नाय."