चौदा नंबर

मे महिन्यात पाठीवर पट्ट्या लावून घेऊ नयेत
हे रामदासपेठेतल्या डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं.
तीस चौकोन, शाईनं आखलेले,
प्रत्येकात एकेका वस्तूवरचा थेंबभर संशय.
तीन दिवस अंघोळ नाही, म्हणाले, आणि घाम येऊ देऊ नका.
घाम!
बाहेर सेहेचाळीस.
मी कूलरसमोर पालथी पडून राहिले
कुणीतरी अर्ध्यात सोडलेल्या शब्दकोड्यासारखी.

तिसऱ्या दिवशी चौदा नंबर फुलला.
बाकीचे एकोणतीस निर्दोष सुटले.
डॉक्टरांनी एक लांबलचक नाव लिहिलं
आणि खाली उपचार: टाळा.
एवढंच.

ते घड्याळाच्या पट्ट्यात होतं,
केसांच्या चापात, चपलेच्या अंगठ्यात,
आतल्या कपड्यांच्या इलॅस्टिकमध्ये.
संध्याकाळी कमरेभोवती बोट फिरवलं
की लाल रेघ लागायची,
हिशेब संपल्यावर ओढतात तशी, दुहेरी.
स्कूटीच्या मुठींना मी जुने रुमाल बांधले.
तोंडाला ओढणी तर इथे उन्हात सगळ्याच बांधतात,
तेवढ्यापुरती मी चारचौघींसारखी.

बर्डीवर लाकडी कंगवा मागितला.
दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा दिला.

नणंदेच्या मुलीच्या लग्नात दोन तास उभी होते.
खुर्च्या होत्या, शंभरेक, लाल, उन्हानं मऊ झालेल्या.
बस ना वं, काहून उभी आहेस?
पाठ धरली, म्हणाले.
खोटं बोलायला लोकांच्या ओळखीचा रोग निवडावा लागतो.

चष्म्याचं मात्र काही जमेना.
तो काढला की समोरचा माणूस नुसता रंग होतो,
आणि कर कार्यालयात रंगांकडून पैसे घेता येत नाहीत.
धातूची फ्रेम घेतली तर तिच्याही टोकांना मऊ टोप्या,
नाकावर मऊ गाद्या.
मऊ म्हणजे तेच. हे मी एव्हाना शिकले होते.
कानामागे सुपारीएवढी कातडी सोललेली.

आमचे निखारे शिपाई, गोळीबार चौकाकडचे.
घरचा माग विकून त्यांना नऊ वर्षं झाली.
एका दुपारी लाईन गेली होती, पंखे थांबलेले,
तेव्हा म्हणाले, मॅडम, चष्मा द्या बरं इकडं.
मघापासून पाहून राहिलो,
कान खाजवून राहिल्या तुम्ही.
खिशातून पांढऱ्या सुताचं रीळ काढलं.
टोक दातांत धरून काडीवर फेरे घालत गेले,
एकाला एक लागून,
मधून उजेड जाणार नाही असे.
आधी दोन काड्या, मग नाकावरच्या गाद्या,
मग न सांगता माझं पेनही.
मला ते सगळं फक्त पांढरं हलताना दिसत होतं.
मध्येच थांबले.
खळ आहे याला थोडी. कणकेची.
त्याचं काही होत नाही ना जी तुम्हाले?

सात वर्षांत
वस्तू हातात देण्याआधी
तिच्यात काय आहे ते
मला कुणी सांगितलं नव्हतं.
नाही, म्हणाले. कणकेचं काही होत नाही.
मग लाईन आली आणि रांग पुढे सरकली.

सूत घामानं आठवड्यात पिवळं पडतं.
दर सोमवारी ते उसवायचं, नवं घालायचं.
चौदा नंबर अजून आहेच, पाठीवर,
पावसाळी हवेत कधी कधी उगाच खाजतो.
निखारे मार्चमध्ये रिटायर होणार,
म्हणून आता मी शिकतेय.
त्यांची गाठ कुठे असते ते मला अजून सापडत नाही.
माझी दिसते,
केसांखाली टोचतेही.
टोचनच थोडे दिवस, ते म्हणतात.
कापूस आहे.