रेडा क्रमांक ७१८

रात्री अडीचला हौसाक्कांचा फोन.
म्हस व्याली असं नाही म्हणाल्या.
नुसतं, "आनंदा, ये जरा."

गोठ्यात पिवळा बल्ब, भोवती चिलटं,
आणि पाचटावर रेडकू.
डोळे टपोरे, नाक ओलं, पुढचे पाय खणखणीत.
मागचे
ढोपराखाली नव्हतेच.
कातडी तिथं येऊन मिटलेली,
पोत्याचं तोंड शिवावं तशी.

"गिराण लागलं," शेजारची द्वारका म्हणाली.
"म्हस भाईर बांधलेली. पोटाला गेरू लाव म्हटलं,
हिनं ऐकलं न्हाई."
हौसाक्का गप्प.
पदरानं रेडकाचं नाक पुसत राहिल्या
आणि ते उठायला बघत होतं, पुढच्या दोन पायांवर,
सारखं.

सकाळी कोग्यात जिरगे मॅडम आल्या.
चारा विचारला, उसातलं तणनाशक विचारलं,
ताप होता का, गाभणपणी कुठली सुई टोचली.
म्हशीच्या शेपटीचे केस मुळासकट उपटले,
रेडकाच्या कानाचा कपचा, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त,
बर्फ, थर्माकोल, चिकटपट्टी.
मग माझ्याकडं वळून,
"कांडी कुणाची भरलेली?"

रजिस्टर माझं. अक्षर माझं.
दूध संस्थेच्या पायरीवर बसून पानं उलटली.
या म्हशीच्या आईला मी भरवलं २०१५ साली,
रेडा ७१८.
हिला परवाच्या दिवाळीत,
रेडा ७१८.

चांगला होता हो ७१८.
त्याच्या लेकी पाडव्याला शिंगं रंगवून
बुलेटच्या मागं पळायच्या सागरमाळावर,
लोक शिट्ट्या मारायचे.
तो मेला, तरी माझ्या डब्यात होता,
नायट्रोजनच्या धुरात, बोटभर कांड्यांत.
शेवटची एक उरलेली, तीही तपासणीला दिली.

चौथ्या दिवशी रेडकू गेलं.
अहवाल महिन्यानं.
मॅडमनी दुधाच्या बिलामागं दोन रेघा काढल्या:
"एक अक्षर बापात चुकलेलं. तेच लेकीत उतरलं.
एकेकटं असलं तर गप्प बसतं.
दोन्हीकडनं आलं, तर चारात एकाला असं."
म्हणजे मी बापाला लेकीकडं नेलं होतं,
हातमोजा घालून, पावती फाडून.

हौसाक्कांनी एवढंच विचारलं,
"मंग गिराण न्हवं?"
"न्हवं."
"माझं काय चुकलं न्हाई?"
"न्हाई, आक्का."
कुणाचं चुकलं ते विचारलं नाही त्यांनी.
आत जाऊन तांब्यात दूध आणलं, अजून कोमट.
मी प्यालो. काय करणार.

रजिस्टरात अशा नऊ म्हशी निघाल्या,
बापाची लेक, परत बापाचीच कांडी.
त्यातल्या तीन गाभण.
दोन घरं सांगून झाली. एकानं शिवी दिली,
एकानं चहा.
तिसरं पद्माण्णा मगदुमांचं.
त्यांची म्हस आठ महिन्यांची,
दारातूनच दिसतेय, रवंथ करतेय,
पोट एका अंगाला हलतंय.
कडीवर हात ठेवलाय मी.