बिनशेपटीचं

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत
पिंजऱ्यावर पिंजरे. वर पोपट, मध्ये पिशवीतले मासे,
आणि सगळ्यात खाली, गुडघ्याशी, लाकडाच्या भुशात
ते.

यशोधरा म्हणाली, पांढरा उंदीर.
कुणाल म्हणाला, हॅमस्टर, तो चाकावर पळतो.
मंदाने निघतानाच बजावलं होतं:
वास येता कामा नये,
पिठाच्या डब्याजवळ दिसता कामा नये.
मी काहीच म्हणालो नव्हतो.
मुलांना वाटलं, बाबा विचार करतायत.

दुकानदार सराईतपणे सांगत होता:
हॅमस्टर दोनेक वर्षं जगतो, दिवसभर झोपतो,
रात्री सगळे झोपले की उठतो
आणि चाक फिरवत बसतो पहाटेपर्यंत.
"म्हणजे तुमच्यासारखाच," कुणाल मला म्हणाला.
मी हसलो. दुकानदारही हसला, न कळून.

मग मी वाकलो
आणि हात आपोआप कामाला लागले.
डोळे स्वच्छ हवेत, चिपडलेले नकोत.
नाक कोरडं. मागची बाजूही कोरडी.
दात एकावर एक नीट बसलेले.
पोटाखालून बोट फिरवलं की कळतं गाभण आहे का.
कोपऱ्यात अंग फुगवून बसलेलं घेऊ नये,
ते आठवडा काढत नाही.

"जनावरांचे डॉक्टर आहात काय?"
"बाबा पालिकेत आहेत," यशोधरेने सांगून टाकलं.

पालिकेत. बरोबर.
मूषक नियंत्रण, रात्रपाळी.
एका हातात बॅटरी, एका हातात काठी,
मशीद बंदरच्या धान्याच्या गोदामांमागे.
उजेड पडला की दोन ठिणग्या चमकतात
आणि तो थबकतो.
तेवढीच वेळ असते. त्याची पण, माझी पण.
पहाटे गोणी ओतायची, मोजून द्यायची, सही करायची.
तीस भरले तर रात्र भरली.
एकोणतीस म्हणजे फुकट जागरण.

पांढऱ्याला तिने तळहातावर घेतलं होतं.
त्याची शेपटी तिच्या मनगटावरून खाली लोंबत होती,
गुलाबी, बारीक वळ्यांची,
आणि आईशप्पत सांगतो,
मी मनात म्हणालो: एक.

"हा नको."
"का?"
"चावतो."
तो चावत नव्हता. तिचं बोट चाटत होता.

शेवटच्या खोक्यात गिनीपिग होते,
चहात बुडवायला घ्यावेत अशा रंगाचे.
एकाला उचललं, उलटं केलं, मागे पाहिलं.
शेपटीच नाही.
पुन्हा पाहिलं. नाहीच.
"हे," मी म्हणालो.

"दोन न्या साहेब, एकटं झुरतं."
मुलं माझ्या खिशाकडे बघायला लागली.
एक दिसलं की दुसरं जवळपास असतंच,
हे मला कोणी सांगायला नको.
दोन्ही माद्या, नीट बघून घेतल्या.

नावं बसमध्येच ठरली, चेंबूर यायच्या आत:
खारी आणि बटर.

आता सकाळी साडेसातला घरी येतो.
चौकीवर लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुतो,
घरी आलो की परत.
नाक्यावरची हौसाबाई कोथिंबिरीचे देठ तसेच देते,
म्हणते, पोरांच्या सशांना.
मी ससेच म्हणू देतो.
पिशवी वाजली की दोघी शिट्ट्या मारतात,
शेजारचा रात्रपाळीवाला भिंतीवर थाप मारतो.
मंदा म्हणते, माझ्या पिशवीला नाही हो एवढं कौतुक.

खारी लगेच खायला लागते.
बटर अजूनही
आधी माझी बोटं हुंगते. बराच वेळ.
मिशा हलतात, थांबतात, परत हलतात.
मी हात हलवत नाही.

काल मुलं शाळेत होती, मंदा पाण्याला गेलेली.
बटर देठ सोडून माझ्या अंगठ्याशीच थांबली होती.
घे गं बाई, म्हणालो,
दोनदा धुतलेत.