केशरी वायर

जूनमधल्या एका मंगळवारी बापाने
मागच्या हिरवळीवर तंबू ठोकला.
आजच्यापुरता, म्हणाला.
आईने बटाटे सोलता सोलता मान हलवली.
ब्रिटा तर उशी घेऊन धावली
आणि अर्ध्या तासात परत आली :
तो बोलतच नाहीये, नुसता वर बघतोय.

मिनेसोटातलं आमचं उपनगर. घरांचे रंग ठरवायला कमिटी,
गवत किती इंच वाढू द्यायचं याचंही पत्रक.
तंबूबद्दल मात्र त्यात काही नव्हतं.
शेजारचे ओडेगार्ड कुंपणापाशी येऊन
हवापाण्याचं बोलून जायचे.

वेन्डेल हॉगन, वय एकोणपन्नास.
बावीस वर्षं विमा कंपनीसाठी
गारपिटीने पोचे आलेल्या छपरांचे पंचनामे केले,
बोटांनी चाचपून नुकसानीचा आकडा सांगायचा.
आता त्याला आकडाच लागेना.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याने केशरी वायर नेली,
दिव्यासाठी, मग रेडिओसाठी, मग पंख्यासाठी.
वायरीपुरती फट राहिली सबंध उन्हाळा.
डास आत आले. आईने डास मारले,
खिडकीबद्दल चकार शब्द काढला नाही.
सकाळी तो आंघोळीला यायचा
बूट हातात घेऊन,
टॉवेल कुठला वापरू, विचारायचा.
टॉवेल कुठला वापरू!

रात्री माझ्या खोलीतून दिसायचा
आतून उजळलेला तंबू, त्यात त्याची सावली.
कधी ती हातवारे करून कुणाला तरी
काहीतरी पटवून देत असायची.

सप्टेंबरात ब्रिटा मैत्रिणीकडे राहायला गेली ती गेलीच.
मी गाडी शिकलो, ओडेगार्डांकडून.

ऑक्टोबरात दव गोठलं त्या पहाटे
आईला टोस्टर लावायचा होता.
तिने वायर उपसली.
एवढंच.
बाहेर तंबू विझला.
तिने एक टोस्ट खाल्ला, उभ्यानेच,
दुसरा बशीत ठेवून वर बशी पालथी घातली,
आणि खिडकी लावून घेतली.

टायरच्या दुकानावर त्याने खोली घेतली.
कागदावरचा काडीमोड पुढे कधीतरी झाला.

नाताळच्या आदल्या शनिवारी आला,
दारातच उभा, टोपीवर बर्फ.
ती वायर तेवढी हवी होती, म्हणाला.
आईने आतून आणून दिली,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
एकही पीळ न पडता गुंडाळलेली,
लग्नानंतर त्यानेच शिकवली होती तशी.

तो बोटांनी चाचपत राहिला इंच इंच.
कुठे तुटलेली नाही, म्हणाला.
नाही, आई म्हणाली.