रुमालाखाली

कळ मानेतून निघते, खांद्यावर जरा टेकते,
मग दंडातून खाली.
करंगळीत पोचेस्तोवर रात्रीचे अडीच.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, नस दबलीय.
फोटोत तसं फारसं दिसत नाही.

सांगलीच्या यार्डात तीस वर्षं
हळदीचे सौदे केले याच हातानं.
रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची,
दाबून भाव सांगायचा.
भोवती शंभर माणसं, कळायचं दोघांनाच.

परवा बाळगोंडा भेटला, सवयीनं हात पुढं केला.
मी डावा दिला.
"का हो, रागावलाय?"
काय सांगू. चहा सांगितला.
कपही डाव्यानंच उचलला, निम्मा बशीत.

शर्ट आता सुमती घालते,
आधी दुखरा हात, मग बरा.
विचारत नाही काही. बाही तेवढी
खांद्यापाशी हलकेच सोडते.

आणि अडीचला
कुणीतरी रुमाल टाकतं या हातावर,
बोटं दाबतं, एकेक,
सोडतं, पुन्हा दाबतं.
तीस वर्षं हीच भाषा बोललो मी,
तरी आकडा लागत नाही.

मान हलवत नाही मी.
हलली, तर त्याला वाटायचं
सौदा पटला.